मिशिगन स्टेडियमची शंभरी आणि बाकांवरची माणसं: रीजेंट मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. सदस्य, रीजेंट मंडळ,
मिशिगन विद्यापीठ, ॲन आर्बर

स.न.वि.वि.

1 ऑक्टोबर 2027 रोजी मिशिगन स्टेडियमला शंभर वर्षं पूर्ण होतील. त्याच्या पुढच्या कामांचे आराखडे आज ना उद्या तुमच्यासमोर येणार आणि त्यावर मत तुम्ही आठ जण देणार. ते देण्याआधी हे पत्र एकदा शांतपणे वाचावं, एवढी विनंती.

पत्र मराठीत लिहितेय; इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाकडे वेगळी पाठवतेय. मराठीत अशासाठी, की ट्रॉय, नोव्हाय, कँटनपासून ॲन आर्बरपर्यंत मराठी कुटुंबं राहतात. त्यांची मुलं तुमच्या विद्यापीठात शिकतात आणि त्यातल्या पुष्कळांना आता इथे मतदानाचा हक्क आहे. मिशिगन विद्यापीठाचे रीजेंट, म्हणजे विद्यापीठाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे सदस्य, राज्यभरातून थेट निवडणुकीने येतात, मुदत आठ वर्षांची, दर दोन वर्षांनी दोन जागा. पण ही नावं मतपत्रिकेवर इतकी खाली असतात की आमच्यातले बरेच जण तिथवर पोचायच्या आधीच कागद घडी करून टाकतात. या पत्राने त्यातल्या काहींनी जरी खालपर्यंत वाचलं तरी मला पुरे आहे.

मी मूळची कोल्हापूरची. नव्वदच्या दशकात इथे शिकायला आले आणि इथलीच झाले. फुटबॉलचं वेड मला नवं नव्हतं. पाटाकडील आणि दिलबहार ही आमची फुटबॉल मंडळं भिडणार असतील त्या दिवशी आमच्या पेठांमध्ये काय वातावरण असतं, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. इथला लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा खेळ समजायला वेळ लागला. स्टेडियम मात्र पाहताक्षणी समजलं. तेव्हा रस्त्यावरून ते जवळपास दिसतच नसे. विटांची एक बुटकी भिंत, तिच्यात फाटकं, बस्स. फाटकातून आत पाऊल टाकलं की आपण कड्यावर उभे, आणि पायांखाली बाकांच्या रांगामागून रांगा थेट हिरवळीपर्यंत उतरत गेलेल्या. माझे वडील इथे आले तेव्हा त्यांना मी सामन्याला घेऊन गेले होते. कड्यावर उभे राहून ते म्हणाले, "अगं, ही तर आपली खासबागच की!"

तुमच्या माहितीसाठी सांगते: खासबाग हे राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेलं कुस्तीचं मैदान, 1912 मधलं. महाराजांनी युरोपच्या दौऱ्यात रोमचं प्राचीन कलोसियम पाहिलं होतं. खासबागेत मधोमध मातीचा हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेला उतार, अशा बेताने की शेवटच्या माणसालाही पैलवानाने कुठला डाव टाकला ते दिसावं. फील्डिंग योस्ट, तेव्हाचे ॲथलेटिक डायरेक्टर म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख, यांनी 1927 मध्ये ॲन आर्बरला हेच केलं. येल विद्यापीठाचं जमिनीत खोदलेलं स्टेडियम त्यांनी नमुना म्हणून धरलं आणि आपल्या स्टेडियमचा बराचसा भाग जमिनीखाली उतरवला. खालून झरे वाहणारी ती पाणथळ जागा. बांधकामाच्या वेळी एक क्रेन चिखलात रुतली आणि ती आजही तिथेच पुरलेली आहे, अशी दंतकथा गावात ऐकू येते. पहिला सामना ओहायो वेस्लियनविरुद्ध, 1 ऑक्टोबर 1927 ला. मिशिगनने तो 33-0 जिंकला. रीतसर उद्घाटन 22 ऑक्टोबरला ओहायो स्टेटला 21-0 हरवून झालं. मूळ आराखडा 72,000 जागांचा होता, पण योस्ट यांनी काठावर तात्पुरते लाकडी बाक टाकून पहिल्याच वर्षी तो आकडा 84,401 वर नेला. आणि हा गृहस्थ एवढ्यावर थांबणारा नव्हता. आज ना उद्या लाखाच्या वर लोक येणार, हे धरून त्यांनी पायाच तसा मजबूत घालून घेतला होता.

खर्च साडेनऊ लाख डॉलर. करदात्यांचा पैसा नाही. पाचशे-पाचशे डॉलरचे रोखे काढले, त्यावर तीन टक्के व्याज, आणि रोखे घेणाऱ्याला दहा वर्षं तिकिटं विकत घेण्याची हमी. म्हणजे चांगल्या जागेसाठी आधी पैसे मोजायची पद्धत या स्टेडियमच्या जन्मापासूनची आहे. ती काल-परवाची टूम आहे असं मी म्हणणार नाही. मला तुमचं लक्ष वेधायचंय ते त्या वेळच्या रीजेंट मंडळाने होकार कशाच्या बदल्यात दिला याकडे.

विसाच्या दशकात एवढं मोठं स्टेडियम बांधावं की नाही यावर विद्यापीठात जोरदार वाद होता. प्राध्यापकांना भीती वाटत होती की शिक्षण बाजूला पडेल आणि खेळाचा धंदा होईल. डीन एडमंड डे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि 1926 मध्ये तिचा अहवाल आला. डे समितीने स्टेडियमला नकार दिला नाही, पण त्याला एका मोठ्या योजनेत बसवलं: संघात निवडले गेलेले मूठभर खेळाडू सोडून बाकीच्या हजारो विद्यार्थ्यांना खेळायला जागा हवी, आणि मुलींनाही हवी. त्याप्रमाणे घडलंही. 1928 मध्ये इंट्राम्युरल स्पोर्ट्स बिल्डिंग उभी राहिली, म्हणजे सर्वसाधारण विद्यार्थ्यांनी आपसात खेळण्यासाठीची इमारत. देशात तशी ती पहिलीच. त्याच वर्षी विद्यार्थिनींसाठी स्वतंत्र क्रीडा इमारत झाली. 1931 मध्ये ॲलिस्टर मॅकेन्झी यांनी आखलेला गोल्फ कोर्स आला. आज सामन्याच्या दिवशी त्याच हिरवळीवर हजारो गाड्या लागतात, डिक्या उघडून लोक शेगड्या पेटवतात, पोरं चेंडू फेकत असतात.

एकेका शनिवारी ऐंशी-नव्वद हजार लोकांनी तिकीट काढायचं आणि त्या पैशावर उरलेल्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी पोहायचं, टेनिस-बास्केटबॉल खेळायचं, हा तो सौदा होता. माझं सगळं म्हणणं या सौद्याभोवती आहे. स्टेडियम जेव्हा जेव्हा वाढलं तेव्हा तो पाळला गेला का, हे पाहूनच पुढचं ठरवा.

1949 मध्ये लाकडी बाकांच्या जागी पोलादी आले आणि क्षमता 97,239 झाली. 1956 मध्ये पत्रकार कक्षाची इमारत बांधली आणि आकडा 101,001 वर गेला. शेवटच्या त्या एकची गोष्ट मिशिगनमधल्या पोराटोरांना पाठ असते. फ्रिट्झ क्रिसलर इथले नावाजलेले प्रशिक्षक आणि नंतर ॲथलेटिक डायरेक्टर. त्यांच्या सन्मानासाठी एक जागा राखली असं म्हणतात आणि तेव्हापासून क्षमतेचा आकडा नेहमी एकवर संपतो. ती जागा नेमकी कुठली, हे कुणालाच ठाऊक नाही.

जागा वाढल्या म्हणून माणसं आपोआप आली नाहीत. साठच्या दशकात कित्येक सामन्यांना हजारो बाक रिकामे असत. 1968 मध्ये डॉन कॅनहॅम ॲथलेटिक डायरेक्टर झाले, त्यांनी ही कसर भरून काढली. खेळातलं ओ की ठो कळत नसलेल्या घरांनीही शनिवारी मुलाबाळांसकट यावं, डबा आणावा, बँड ऐकावा, असा त्यांचा प्रचार असे. 1969 मध्ये बो शेम्बेकलर प्रशिक्षक म्हणून आले आणि त्याच वर्षी त्यांनी बलाढ्य ओहायो स्टेटला 24-12 असं पाणी पाजलं. 8 नोव्हेंबर 1975 पासून इथल्या प्रत्येक सामन्याला लाखाच्या वर प्रेक्षक आले; अपवाद फक्त कोविडच्या 2020 चा, तेव्हा फाटकंच बंद होती. लाख माणसं दर खेपेला! हा आकडा व्हीआयपी कक्षांमुळे झालेला नाही. निळ्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून बसणाऱ्यांनी तो केलाय. ज्यांनी नोव्हेंबरच्या थंडीत इथे सामना पाहिलाय त्यांना ठाऊक आहे: बाकावर रंगवलेल्या दोन आकड्यांमध्ये माणूस आणि त्याचा जाडजूड कोट काही केल्या मावत नाहीत. मग एकाने थोडं पुढे, दुसऱ्याने थोडं मागे सरकून सगळी रांग एकदाची बसते, आणि दुसऱ्या क्वार्टरपर्यंत शेजारच्या अनोळखी आजोबांनी थर्मासातली कॉफी पुढे केलेली असते.

1998 मध्ये वरच्या कडेला आणखी रांगा चढवल्या आणि क्षमता 107,501 झाली. त्याच वेळी काठावर पिवळ्याधमक रंगाची एक प्रभावळ बसवली होती, तिच्यावर विद्यापीठाच्या गीतातले शब्द. रॉबर्ट व्हेंच्युरी यांच्यासारख्या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाच्या कार्यालयाने केलेलं काम. लोकांना ते अजिबात रुचलं नाही. पत्रं आली, बोंबाबोंब झाली आणि 2000 च्या हंगामाआधी प्रभावळ उतरवली गेली. त्या वेळच्या विद्यापीठाचं मला आजही कौतुक वाटतं. प्रतिष्ठेचा प्रश्न न करता चूक दुरुस्त केली.

2006 मध्ये जो निर्णय झाला त्यावर तुमच्याच मंडळात फूट पडली होती. 22 कोटी 60 लाख डॉलरची योजना पाचास तीन मतांनी मंजूर झाली: पूर्व-पश्चिमेला विटांचे उंच मनोरे, त्यात ऐंशीहून अधिक आलिशान कक्ष आणि सुमारे तीन हजार क्लब आसनं. एका कक्षाचं वर्षाचं भाडं पन्नास हजार डॉलरच्या पुढे. माजी विद्यार्थ्यांनी विरोधात मोहीम काढली. त्यांचा मुद्दा साधा होता: या स्टेडियममध्ये कारखान्यातला कामगार आणि कारखान्याचा मालक एकाच बाकावर बसतात, ते मोडू नका.

4 सप्टेंबर 2010 ला नव्या रूपातला पहिला सामना झाला, 113,090 प्रेक्षकांपुढे. ते काम सगळंच वाईट झालं असं मी म्हणणार नाही. स्वच्छतागृहं वाढली, येण्याजाण्याच्या वाटा रुंद झाल्या, कठडे आले. आवाज पूर्वी आकाशात विरून जायचा, तो आता मनोऱ्यांवर आपटून मैदानात परततो. दिवे आले आणि 2011 मध्ये नोत्र दामविरुद्ध पहिला रात्रीचा सामना झाला. 2013 मध्ये त्याच संघाविरुद्ध 115,109 प्रेक्षक आले, हा इथला विक्रम. 2014 च्या ऑगस्टमध्ये तर मँचेस्टर युनायटेड आणि रिअल माद्रिद इथे खेळले. 109,318 लोक गोल चेंडूचा खेळ पाहायला या खोलगट मैदानात जमले आणि कोल्हापूरच्या माझ्या भावाने रात्रभर जागून फोनवर मला हैराण केलं.

पण त्याच नूतनीकरणातली एक गोष्ट विसरता येत नाही. लाखाच्या वर जागा असलेल्या या स्टेडियममध्ये व्हीलचेअरवरून येणाऱ्यांसाठी शंभरही जागा नव्हत्या. मिशिगनमधल्या पक्षाघातग्रस्त माजी सैनिकांच्या संघटनेला 2007 मध्ये कोर्टात जावं लागलं. पुढे केंद्र सरकारचं न्याय खातंही त्या खटल्यात उतरलं, तेव्हा कुठे 2008 मध्ये तडजोड झाली आणि 329 जागा द्यायचं ठरलं. कक्षांचा आराखडा स्वतःहून झाला. व्हीलचेअरच्या जागांसाठी खटला लागला. हे देशासाठी लढलेले लोक होते, आणि त्यांना एक सामना बघण्यासाठी वकील करावा लागला.

विद्यार्थ्यांचंही तेच. 2013 मध्ये त्यांच्या राखीव जागा काढून 'आधी येईल तो आधी बसेल' ही पद्धत आणली. 2014 मध्ये हंगामाचं विद्यार्थी-तिकीट तीनशे डॉलरच्या आसपास गेलं. वर्षभरापूर्वी वीस हजारांच्या घरात असलेली विद्यार्थी-तिकिटांची विक्री बारा हजारांवर घसरली. त्या शरद ऋतूत विद्यार्थी मोर्चा घेऊन थेट विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या दारात गेले आणि ऑक्टोबर संपता संपता ॲथलेटिक डायरेक्टरांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी तिकीट 175 डॉलरवर आलं. याच मंडळाने 2014 मध्ये सामन्यांच्या वेळच्या आतषबाजीचा प्रस्ताव फेटाळला होता, हेही नोंदवते. नाही म्हणायची ताकद तुमच्याकडे आहे.

ती ताकद आत्ता लागणार आहे. 2025 च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट उत्पन्नातला वाटा देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. खेळाडूंना मोबदला मिळतोय हे योग्यच झालं. त्यांच्या घामावर इतकी वर्षं बाकी सगळे गब्बर झाले. पण तो पैसा कुठून उभा करायचा, हा प्रश्न निघाला की सगळ्यांची नजर स्टेडियमकडे वळणार. आणखी कक्ष काढा. खालच्या रांगांतले बाक उखडून गुबगुबीत खुर्च्या बसवा. भिंतींवर जाहिराती लावा, नावच विका. यातली प्रत्येक सूचना कागदावर फायद्याची दिसेल. आकडे मांडणारा माणूस खोटंही बोलत नसेल.

तरी नाही म्हणा. या स्टेडियमच्या नावापुढे कुठल्याही कंपनीचं नाव लागू देऊ नका, आणि तसा ठराव शताब्दीच्या वर्षातच करा. उरलेल्या बाकांपैकी एकही बाक कक्षासाठी किंवा क्लबसाठी जाणार नाही, असं लेखी सांगा. आसनं रुंद करायची असतील तर जरूर करा, आमच्यातले पुष्कळजण आता म्हातारे होतायत. पण त्यापायी कमी झालेल्या जागांची किंमत मनोऱ्यांतून वसूल करा, वरच्या रांगांतल्या कुटुंबांकडून नको. विद्यार्थी-तिकिटाचा दर फीवाढीसारखा गुपचूप वाढवू नका. तो दरवर्षी तुमच्या जाहीर बैठकीत मंजूर होऊ दे. आणि फुटबॉलच्या उत्पन्नातला किती पैसा संघात नसलेल्या विद्यार्थ्यांच्या खेळावर खर्च होतो, ते वर्षातून एकदा साध्या भाषेत, एका पानावर छापा. डे समितीच्या सौद्याची तेवढी तरी आठवण राहू दे.

आणखी एक मागणी आहे, आणि ती पैशांची नाही. 20 ऑक्टोबर 1934 ला याच मैदानावर जॉर्जिया टेकविरुद्ध सामना होता. विलिस वॉर्ड हा मिशिगनचा कृष्णवर्णीय खेळाडू, संघातल्या सर्वोत्तमांपैकी एक. तो खेळणार असेल तर आम्ही मैदानात उतरणार नाही, असं दक्षिणेकडून आलेल्या त्या संघाने सांगितलं. विद्यार्थ्यांनी सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या. तरी विद्यापीठ झुकलं आणि वॉर्डला बाहेर ठेवलं. त्याचा मित्र आणि सहखेळाडू जेराल्ड फोर्ड, पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले ते, इतके अस्वस्थ झाले होते की संघ सोडायच्या बेतात होते. मिशिगनने तो सामना 9-2 जिंकला. त्या हंगामातला तो एकमेव विजय. वॉर्ड पुढे न्यायाधीश झाले. योस्ट तेव्हा इथले ॲथलेटिक डायरेक्टर होते. ज्यांनी हे सर्वांना सामावणारं मैदान खोदलं, त्यांच्याच कारभारात आपल्या खेळाडूला बाहेर बसवलं गेलं. शताब्दीच्या भाषणांत योस्ट यांचं कौतुक होईल आणि ते व्हायलाही हवं. पण त्याच व्यासपीठावर वॉर्ड यांची हकीकत पूर्ण सांगा. खेळाडू ज्या बोगद्यातून मैदानात उतरतात तिथे त्यांचं नाव कोरा, म्हणजे दर शनिवारी प्रत्येक खेळाडू त्यावरून हात फिरवून मैदानात जाईल.

क्रिसलर यांच्या त्या एका जागेविषयीही सुचवते. ती कुठे आहे हे गुपित राहू द्या, मजा त्यात आहे. मात्र दर सामन्याला त्या एका जागेच्या नावाने एक तिकीट द्या: सामन्यानंतर रात्रभर बाक झाडणाऱ्यांपैकी कुणाला, विद्यापीठाच्या इस्पितळातल्या रात्रपाळीच्या कुणाला, डेट्रॉइटच्या शाळेतल्या एखाद्या मुलाला. खर्च काहीच नाही.

आणि 1 ऑक्टोबर 2027 चा वार बघितलात का? शुक्रवार आहे. कॉलेज फुटबॉलचा वार शनिवार, त्यामुळे त्या दिवशी मैदान बहुधा मोकळंच असेल. सोहळा सोयीच्या शनिवारी ढकलू नका. त्या शुक्रवारी सगळी फाटकं उघडा, तिकीट नको, देणगी नको, पासही नको. 22 मे 1964 ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी याच मैदानातल्या पदवीदान समारंभात, ज्या समाजात गरिबी आणि वर्णभेद उरणार नाही अशा समाजाची कल्पना मांडली होती. त्या भाषणाचं ध्वनिमुद्रण तिथे लावा, बँडला बोलवा आणि लोकांना हव्या त्या बाकावर बसू द्या. आमच्या भागातली मराठी मंडळी डबे घेऊन नक्की येतील, मी स्वतः त्यांना गोळा करेन.

या मागण्यांवर तुमच्या जाहीर बैठकीत बोलायला मला पाच मिनिटं मिळावीत, असा अर्ज मी या पत्रासोबत करत आहे. उत्तराची वाट पाहते.

आपली,
ॲन आर्बरमधली एक मतदार आणि या विद्यापीठाची माजी विद्यार्थिनी